उलटे हँगर

५ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडून परतल्यापासून घरात तुझाच विषय आहे. दीड खोलीची जागा, आणि दार उघडलं की कोट अंगावर! पलंगाखाली ट्रंका, माळ्यावर गाठोडी, फडताळात बरण्यांशेजारी रेशमी झगे. जेवताना माझ्या ताटात वरून एक हातमोजा पडला, हे मी विसरलेलो नाही.

मी जन्मभर कारखान्याचं गोदाम सांभाळलं. वर्षभर ज्याला हात लागला नाही तो माल बाहेर, हा आमचा नियम. म्हणून तू आंघोळीला गेलीस तेव्हा तुझे सगळे हँगर उलटे टांगून आलो. घातलेला कपडा सुलटा टांगायचा. वर्षअखेर उलटे राहतील ते देऊन टाक आणि इकडे राहायला ये. मागची खोली आणि कपाटाचा एक कप्पा तुझ्यासाठी रिकामा केलाय. या वयात एकटीनं राहणं काही खरं नाही.

तुझा काळजीवाहू,
दादा

२० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुपचूप माझ्या कपड्यांना हात लावलास, म्हणून आधी तुझा निषेध. नियम मात्र मान्य.

इस्पितळात नर्स म्हणून माझा जन्म पांढऱ्यात गेला. पगार झाला की एक रंगीत कपडा घ्यायचे आणि रात्रपाळीला पळायचे. घालणार कधी? आता घालते. आज जांभळ्या मखमली कोटात कांदे आणले. भाजीवाल्यानं विचारलं, लग्न कुणाचं? म्हटलं, कुणाचं नाही, कांदे संपलेत. परवा मोत्यांचा झगा घालून नळवाल्यासमोर उभी होते. बिचारा पाना विसरून गेला.

आणि एक कप्पा? तुझे मफलर तरी मावतात का रे त्यात?

राग कमी, लोभ जास्त असू दे.
तुझी चिमणी

८ सप्टेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहितेय. तुमची पत्रं हे मोठ्यानं वाचतात, चिडतात आणि पुन्हा वाचतात.

माझ्याकडे एक पिवळाधमक झगा आहे. हौसेनं शिवला, पण ह्यांनी विचारलं, या वयात शोभतो का? तेव्हापासून तो उशीच्या अभ्र्यात आहे. तुमच्या दांडीवर त्याला जागा होईल का?

आणि वन्सं, इकडे येऊ नका. तुम्ही सोबतीला यावं असं मला रोज वाटतं, पण तो कप्पा मी पाहिलाय.

माया असू द्या.
तुमची वहिनी

२९ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वर्ष भरलं. सगळे हँगर सुलटे झाले, एक सोडून. त्यावर माझा पांढरा गणवेश होता. कितीदा हात गेला, पण अंगावर चढवेना. रडू आलं आणि रागही आला. शेवटी कात्री घेतली. आता आरसा पुसायला छान मऊ फडकी झालीत.

त्याच्या जागी वहिनीचा पिवळा झगा टांगलाय. हे सांगायला तिनेच सांगितलं. शनिवारी ती तो घालायला येतेय. तूही ये, पण तुझा कोट बाहेर जिन्यातच काढ. आत जागा नाही.

उलटा राहील तो जाईल, असा तुझा नियम होता. गणवेश गेला. मी इथेच राहिले.

तुझीच,
चिमणी