डोक्यावर पाटी घेऊन घर बघताना

प्रिय आये,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. तरी लिहितेय, कारण उद्या सकाळी सलीम एजंटला सांगायचंय कुठली जागा घेतो ते, आणि मला काही म्हणजे काही सुचत नाही. तुझ्या लेकाला विचारलं तर म्हणतो, "आयेला विचार." तुला जाऊन दोन वर्षं झाली! मग म्हटलं, विचारतेच.

आपली चाळ पाडणार आहेत. मालकाने जागा विकली, तिथे गोडाऊन होणार. महिनाअखेर खोल्या खाली करा म्हणाला. तुझी सून होऊन आले ती याच खोलीत. मी रडले नाही, उगाच विचारशील. रडायला वेळ कुठे आहे?

सलीमने पहिल्याच दिवशी विचारलं, घर कसं पाहिजे. मी म्हटलं, परवडणारं पाहिजे, बाजार-दवाखान्यात पायी जाता आलं पाहिजे, आणि एखादं झाड, थोडं पाणी, जरा वारा जवळ पाहिजे. तो हसायला लागला.

"भाभी, इसमें से दो बोलो. तीनों एक साथ भिवंडी में क्या, किधर भी नहीं मिलता."

"तू दाखव," मी म्हटलं. "नाही म्हणायचं काम माझं."

पहिलं राहनाळला नेलं. तुझ्या लेकाची ड्युटी तिथल्याच गोडाऊनला, म्हणून तो खूश. मागे शेत आहे, बगळे येतात. पण दारातून पाय बाहेर टाकला की कंटेनर! रस्त्याच्या कडेला माणसाला चालायला वीतभर जागा नाही. बगळे बघायला आधी जिवंत राहायला नको का?

आणि या सलीमचं एक. कुठलीही जागा असो, "बाजार पाँच मिनट, वॉकिंग." हे सगळं मोटारसायकलवर बसून! बूड सीटवरून उचलत नाही आणि मला चालायचं शिकवतो. मला आली सणक. घरी येऊन स्टूल घेतलं, माळ्यावर चढले आणि तुझी भाजी विकायची पाटी खाली काढली. चुंबळ पण होती आत, तुझ्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीची. अजून तशीच गोल, तुझ्या डोक्याच्या मापाची.

तुझा लेक बघतच राहिला. "ही काय नवीन थेरं?"

"आता जी जागा बघायची ती पाटी घेऊन. बाजारातून आठवड्याची भाजी भरायची आणि दारापर्यंत चालत जायचं. मान सांगेल किती मिनटं ते."

"मंग आरोळी पन मार, भाजी ताजी हाय म्हणून."

तू असतीस तर तू पण हसली असतीस त्याच्या बाजूने. दोघं एकजात!

कोनच्या रस्त्याला नवीन कॉम्प्लेक्स झालंय. नाव इंग्रजी, त्यात झाडाचं नाव. फोटोत बाग, झोपाळे, चालायला लाल वाट. हप्ता ओढून-ताणून परवडतो. मी तिथल्या बाजारात कांदे, बटाटे, एक दुधी, चार जुड्या घेतल्या. भाजीवालीने पाटी डोक्यावर चढवून दिली आणि मी निघाले. मागून सलीम गाडीवर हळूहळू, वरातीत चालल्यासारखा.

आये, मी आयुष्यात पाटी उचलली नव्हती. माझा जन्म गेला लूमच्या कांड्यांवर सूत भरण्यात, एका जागी बसून. मला वाटायचं, तुझं काय, चालायचं तर आहे! पण त्या गेटपाशी पोचेपर्यंत मान पार मोडून आली. खाली टेकवली पाटी. तिथे ती उंच उंच झाडं लावलीत, सावली न पडणारी. वॉचमन धावत आला.

"मावशी, इथे भाजी विकायला बसायचं नाही."

"मी फ्लॅट बघायला आलेय!"

त्याने माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. "मग ही कशाला?"

काय सांगणार त्याला? फ्लॅट बघितला. चांगला आहे, खोटं कशाला बोलू? लिफ्ट आहे, नळाला रोज पाणी, भिंती गुळगुळीत. खाली बाग आहे, तिला कुलूप. सकाळी दोन तास उघडतात, संध्याकाळी दोन तास. झाडांना पण शिफ्ट लावलीय बघ!

खाली आले आणि पाटी उचलायला गेले. गुडघ्यापर्यंत आली. पोटापर्यंत आली. डोक्यावर काही जाईना! परत टेकवली, परत उचलली. दोन-तीन बायका बाजूने गेल्या, चांगल्या घरच्या, एक तर हसली पण माझ्याकडे बघून, छान हसली. पण थांबली नाही कोणी. त्यांचा दोष नाही, त्यांना कळलंच नसेल मी कशाला उभी आहे ते. शेवटी सलीमने गाडी स्टँडला लावली आणि एका हाताने असा काही झटका दिला की अर्धे कांदे रस्त्यावर.

ते कांदे गोळा करताना मला तू दिसलीस. नाक्याच्या पुढच्या चिंचेखाली.

आठवतं तुला? तू दिघाशीहून भाजी भरून टेम्पोने यायचीस, नाक्यावर उतरून बाजारापर्यंत पायी. मी तुझी भाकर घेऊन बाजाराच्या तोंडाशी उभी असायचे. घरी कांड्या पडलेल्या, शेठ बोंबलणार, आणि तुझा पत्ता नाही. एक दिवस तरातरा वर चालत आले, तर तू चिंचेखाली बसलेली. पाटी समोर जमिनीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत होतीस.

"इथे काय जत्रा भरलीय?" मी ओरडले. चार माणसं बघायला लागली. "मी तिथे उन्हात उभी आणि तू हवा खात बसलीस?"

"बसू दे गो जरा," तू म्हणालीस. "झार हाय, वारा हाय."

"बस मग!" म्हटलं, भाकर तुझ्या मांडीवर टाकली आणि आले निघून.

आये, तू हवा खात नव्हतीस. पाटी उचलून द्यायला कोणी येतंय का, ते बघत होतीस. मी समोर उभी होते. भाकर टाकल्यावर दोन्ही हात मोकळे होते माझे. आणि मी पाठ फिरवून गेले! त्या दिवशी कोणी हात लावला तुझ्या पाटीला? किती वेळ बसलीस अजून?

पण तू तरी का नाही बोललीस? "हात लाव गो", एवढंच म्हणायचं होतं ना? जगाला हाका मारून भाजी विकणारी तू, सुनेला एक हाक मारता आली नाही? का माझ्या तोंडाची भीती वाटली तुला? मला राग येतो तुझा. खरंच येतो.

असो. दुसऱ्या दिवशी सलीमने गावातली जागा दाखवली, तळ्याकडच्या गल्लीत. भाडं त्या हप्त्याच्या निम्मं. पण काय जागा! खाली लूमचा कारखाना, खटाखट खटाखट, नवऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागेल. म्हणजे मला काही फरक नाही, त्याला पडेल. रंग उडालेला, पाणी दिवसाआड, जिना उभा. गल्लीच्या टोकाला तळं, त्यात अर्धी जलपर्णी, काठाला पिशव्या. एक उंबर आणि एक जांभूळ. याला निसर्ग म्हणायचं? पण तारेवर एक खंड्या बसला होता, निळाभोर, आणि वारा येत होता. कुलूप नव्हतं कुठे.

बाजारातून तिथपर्यंत पाटी घेऊन आले. एकदाच टेकवावी लागली, गल्लीच्या तोंडाशी. कंबर सरळ करतेय तोवर समोरच्या ओट्यावर मेथी निवडत बसलेली बाई उठली. माझ्याच वयाची. ओढणीला हात पुसले.

"रुक रुक, हात लगाती मैं."

मी काही बोलले नव्हते, आये! नुसती उभी होते. तिने एक कड धरली, मी एक, आणि पाटी डोक्यावर.

"रोज बैठेगी क्या इधर?" ती म्हणाली. "तो उस उंबर के नीचे बैठ. यहाँ धूप आती, उधर दोपहर तक छाँव रहती."

"मी भाजीवाली नाही. वरची खोली बघायला आलेय."

ती एवढी हसली की मेथी सांडली. "सब्जी लेके कमरा देखने कौन आता है, बाई?"

आता सांग, काय करू? तुझा लेक म्हणतो कॉम्प्लेक्सच घेऊ, लिफ्ट आहे, त्याचे गुडघे दुखतात. त्याचंही खरं आहे. म्हणतो, "कोना बाईनं पाटी उचलली म्हणून घर घेतात का? आपण काय रोज पाटी घेऊन फिरनार हाव?" मी आपलं म्हटलं, "उद्या जिन्यात तुम्हीच बसलात तर उचलायला कोणाला बोलवू? त्या वॉचमनला?" मग हसला. मग परत म्हणाला, "पन लिफ्ट बरी होती."

दोन दिवस हेच चाललंय. सकाळी वाटतं बागेवाली, दुपारी वाटतं तळ्यावाली. आवाज सोसेल का? पावसात तळं गल्लीत आलं तर? आणि ती मेथीवाली उद्या खोली सोडून गेली तर मी काय झाडाशी बोलू?

तरी सलीमला तळ्याकडची सांगणार आहे. पक्कं आहे असं नाही म्हणत, पण सांगणार आहे. चुकलं तर तुझ्या लेकाच्या स्वप्नात जाऊन ओरड, तो मला सांगेल.

आणि एक शब्द देते. तिथे माझ्या दारासमोर कोणी बाई पाटी टेकवून उभी राहिली, तर ती कोण, कुठली, कशाला थांबली, काही विचारणार नाही. हातातलं काम टाकून उठेन. आधी हात लावीन. ओरडायचं असलं तर मग ओरडेन.

तुझी तोंडाळ सून,
यमुना