भाकरीचा गोल, उन्हाची रेघ

३ नोव्हेंबर
अकोल्याहून एकदाची बुऱ्हाणपूरला पोचले. डायलिसिस केंद्रात आजपासून आहारतज्ज्ञ म्हणून रुजू. लालबागला खोली मिळाली, वर गच्ची, गच्चीवर सकाळचं मस्त ऊन. येता येता मावा जलेबी खाल्ली. दुसऱ्यांच्या ताटातलं काढून घ्यायची नोकरी, निदान आपलं तोंड तरी गोड असावं!

रुग्ण ढीगभर, मी एकटी. डॉक्टर म्हणाले, रश्मी मॅडम, होईल सवय. पाय आत्ताच बोलायला लागलेत.

९ नोव्हेंबर
फोपनारच्या मथुराबाई आल्या. साठीच्या, नुकतंच डायलिसिस सुरू झालंय. सोबत सून वंदना. घरी केळीची बाग आणि मी केळंच बंद केलं, त्यावर बाई खळखळून हसल्या. लिहिता येत नाही म्हणून त्यांना वहीत खुणा करायला शिकवल्या. एका भाकरीला एक गोल, पाव तास उन्हात बसलं की एक रेघ. किडनी बिघडली की ड जीवनसत्त्वाचंही काम अडतं, हाडं ठिसूळ होतात, तेही समजावलं. शेवटी गठ्ठ्यातला आहाराचा छापील कागद काढून दिला. दुपारपर्यंत इतकी दमले होते की कागद वाचूनही पाहिला नाही.

३० नोव्हेंबर
मथुराबाईंचं वजन उतरतंय. मला वाटलं, अंगातलं पाणी कमी होतंय. शाबासकी दिली. वहीत आधी दोन गोल असायचे, आता एकच. गच्चीवर चढवत नाही म्हणाल्या, म्हणून रेघ नाही. सगळे रुग्ण असे ऐकणारे असते तर माझं डोकं कमी दुखलं असतं.

१८ डिसेंबर
मथुराबाई गेल्या. वंदना वही परत द्यायला आली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही जे बोलले ते आईनं सगळं मानलं. भूक लागली की कागदच दाखवायची, मॅडमनं मना केलंय म्हणायची."

कागद वहीतच होता. डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णांचा कागद. डाळ कमी, दूध कमी, पनीर बंद, भाकरीही मोजूनच. डायलिसिसमध्ये मशीन अंगातली प्रथिनं ओढून नेतं, त्या रुग्णांनी उलट जास्त खायचं असतं. मी त्या बाईला उपाशी मारलं.

कागद फाडून टाकला. कुणालाच सांगितलं नाही. वहीतली मागची पानं कोरी होती, वही केंद्रातल्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवली.

२६ डिसेंबर
खण उघडला. कोऱ्या पानावर तीन गोल, दोन रेघा. मथुराबाईंच्याच हातचे, तसेच वाकडेतिकडे.
काल मी तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. गच्चीवर अर्धा तास बसले होते.

४ जानेवारी
खणाला कुलूप लावलं, तरी रोज नवं पान भरतं. मी जितकं खाते तितके गोल. मला मात्र काही अंगी लागत नाही. चार किलो गेले. रक्ताचा रिपोर्ट आला: प्रथिनं तळाला, ड जीवनसत्त्वही तळाला. रोज उन्हात बसूनही. डॉक्टर विचारतात, जेवता की नाही?
जेवते हो. पोट मात्र भरत नाही.

१० जानेवारी
सकाळी राजघाटावर जाऊन वही तापीत सोडली.
दुपारी खणात होती. कोरडी.

१३ जानेवारी
डॉक्टरांना कागदाचं सगळं सांगितलं. त्यांच्याकडे बघवेना. घरी जा म्हणाले, आधी आराम करा, मग बोलू. मी वहीही दाखवली. ते म्हणाले, ही मागची पानं तर कोरी आहेत —
पायांवर सूज. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो.

१५ जानेवारी
ठरलं. जेवायचं नाही, उन्हात जायचं नाही. मग त्या वहीला कुठून मिळतं ते बघू.

१६ जानेवारी
वही घरी आणलीय. पान कोरं. सुटले बहुतेक. फार थकवा — उठवत नाही — दंड इतका बारीक कधी झाला?

१७ जानेवारी
सात गोल. आत्ता, माझ्यासमोर — आठवा उमटतोय —
मी दोन दिवस घासही घेतलेला नाही. मग ही काय खा