तिसऱ्या मजल्यावरची नात्सुको: एक चरित्र

३ जानेवारी, सकाळी ७
ठरलं. पुस्तक लिहिणार. विषय: तिसऱ्या मजल्यावरच्या केदारची जपानी बायको, नात्सुको. तिकडच्या लीगमध्ये अकरा वर्षं व्हॉलीबॉल खेळली, बत्तिसाव्या वर्षी रिटायर. दोन वर्षं डोंबिवलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे आणि बायका तिला विचारतात काय, तर मोमो येतात का! खेळातलं कळणारा इथे मी एकटा. कॉलेजच्या टीममध्ये होतो. (एक्स्ट्रा. पण टीममध्ये.)
२६ जानेवारीला सोसायटीत प्रकाशन. चेअरमन काळुरामला शब्द देऊन टाकला. रोज दहा पानं. सोपं आहे.

५ जानेवारी
पहिली मुलाखत. तिला मोकळं वाटावं म्हणून आधी मी बोललो. पन्नास मिनिटं. मग तिचा कुकर झाला.
निघताना तिच्या सासूबाई, रमाबाई, म्हणाल्या, तुम्हाला तिला काही विचारायचं होतं ना? खवचट बाई.
प्रकरण पहिलं तयार: 'व्हॉलीबॉल आणि मी'. पार्श्वभूमी लागतेच.

९ जानेवारी
आज तीच बोलली. तिकडे टीम कंपन्यांच्या; सकाळी त्याच कंपनीत फायली लावायच्या, दुपारी दोनपासून प्रॅक्टिस. जागा सेटरची. म्हणजे बॉल उचलून द्यायचा, स्मॅश दुसरीने मारायचा, टाळ्या त्या दुसरीलाच. मी सल्ला दिला, तू स्वतःच मारायला हवं होतंस. म्हणाली, "काका, मग तिला बॉल कोण देणार?"
महत्त्वाकांक्षा कमी. नोंद केली.

१३ जानेवारी
कव्हरसाठी फोटो हवा. गच्चीवर नेट म्हणून कपड्यांची दोरी बांधली, तिला म्हटलं, आमची जुनी सर्व्हिस बघ. सुमती म्हणत होती, अहो, खांदा. बायकोचं कधी ऐकलंय?
बॉल जागेवरच राहिला. खांदा गेला.
नात्सुकोने पट्टी बांधली. सफाईने. अकरा वर्षं स्वतःचीच बोटं बांधायची म्हणे. पट्टी बांधताना सुमतीला शेवटच्या मॅचचं सांगत होती. मी गोळी घेतलेली, डोळा लागला. जागा झालो तर सुमती डोळे पुसतेय. डिटेल्स नंतर घेऊ.

२१ जानेवारी
उजवा हात झोळीत. सुमतीला डिक्टेट करतोय. एकशेदहा पानं! माझं सेकंड इयर संपलं. सुमतीने विचारलं, अहो, नात्सुको कधी येणार? म्हटलं, उत्कंठा वाढू दे.

२६ जानेवारी
छपाई राहिली. (हात.) काळुरामने माईकवरून विचारलं, "काय काका, पुस्तक कुठंय?" मी प्रस्तावना सांगायला उठणार, तेवढ्यात सुमतीच उभी राहिली. कागद नाही, काही नाही. शेवटचा पॉइंट सांगितला. नात्सुकोने बॉल वर दिला आणि त्याच क्षणी तिचा गुडघा गेला. मैत्रिणीने स्मॅश मारला, मॅच जिंकली, सगळ्या मैत्रिणीकडे धावल्या. ही जमिनीवर पडून हसत होती, कारण बॉल अगदी हवा तिथेच गेला होता. तिच्यापर्यंत कुणी यायच्या आत तिने मनात ठरवलं: बस, इथेच थांबायचं.
पाच मिनिटं बोलली. खुर्च्यासुद्धा वाजल्या नाहीत. मग टाळ्या, आणि रमाबाईंनी सुनेला सगळ्यांसमोर जवळ घेतलं.
सुमतीला शैली नाही. पण ठीक.

२८ जानेवारी
हस्तलिखित नात्सुकोला दिलेलं. रमाबाईंनी तिला अख्खं वाचून दाखवलं. संध्याकाळी परत द्यायला आली, दोन्ही हातांनी, कमरेत वाकून. म्हणाली, "खूप छान आहे, काका. यातले हे गृहस्थ कोण होते? अजून आहेत का?"