शब्द जमिनीला टेकायच्या आत

प्रिय ठमे,

आज आधी आली ती समोरची शिंपीण. चपला दारात, बडबड घरात! मागोमाग तिची जाऊ, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. दोघींना तू ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचं वेड लागलंय. वरून शब्द पडतो, जमिनीला टेकायच्या आत टाइप केला की फटकन फुटतो. शिंपिणीनं बोटातलं अंगुस्तानही काढलं नव्हतं. जाऊ म्हणाली, अगं बाई, दाबायचंय, शिवायचं नाही! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

माझी खोड वेगळीच. शब्द दिसला की मी तो आधी मोठ्यानं वाचते, मग त्याचा विचार करते. काल 'खिडकी' पडली, तर मी उठून खिडकी लावून आले. तोवर पाच शब्द आपटले! तरी ऐक, पहिल्या दिवशी मिनिटाला तीन शब्द होते, आज चौदा झाले. दुसरी पास बाईला चौदा म्हणजे काही कमी नाहीत. शिंपीण बारावरच अडकलीय, फुगून बसली होती.

तापात तुझे कान गेले तेव्हापासून आपला फोन मुका झाला. मी रोज पुसून ठेवते, उगीच. डॉक्टर म्हणाले, आता ऐकू येणार नाही. माझे कान या वयातही ठणठणीत, मेले काढून देता येत नाहीत. मग राहिलं काय, तर ही बोटं.

तुला एक सांगायचं राहिलंय, आणि ते टाइप करायला मला अख्खा दिवस लागेल, म्हणून हातानं लिहिते. मागे एका दुपारी तू पडद्यावर लिहून विचारलंस, आजी, आहेस का? मी होते गं. मला 'हो'मधला 'ह' सापडेना. तू पुन्हा विचारलंस. मग तिसऱ्यांदा. मी इकडे पडद्याकडे बघून ओरडत होते, आहे गं, आहे! आणि तुझा हिरवा ठिपका विझला. त्यानंतर तू पडद्यावर आलीच नाहीस. तुला वाटलं असेल, आजीला कंटाळा आला. मी उठले नव्हते ठमे. तुझ्याइतकी भरभर मी कधीच होणार नाही, तेवढं आयुष्य उरलं नाही. तूच जरा थांबत जा. शनिवारी दुपारी तीनला मी पडद्यासमोर बसते. शिंपीण आणि तिची जाऊही शनिवारीच परत येतो म्हणाल्यात, पण तीनला कॉम्प्युटर तुझाच.

तुझीच, हळूहळू लिहिणारी
आजी