भाचा, बाग आणि नखाला लावलेले दात

प्रिय नेझिहेताई,

तुझे दोन्ही हात आधी ओठांना आणि मग कपाळाला लावते. तू तिकडे जर्मनीत आहेस, तेव्हा लावले असं मानून घे. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भावोजींची सिगारेट खरंच सुटली का, की फक्त तुझ्यासमोर सुटली आहे? इकडे मी ठीक आहे, गुडघे सोडून. त्यांची चौकशी करू नकोस, मीही करत नाही.

पत्राला कारण तुझा मुलगा. तू फोनवर जे म्हणालीस ते मी विसरलेले नाही: गेल्या साली हेझलनटचा निम्मा माल झाडाखालीच कुजला, या साली पावसाच्या आत बाग निघाली तर ठीक, नाही तर बाबांची बाग विकून टाकायची आणि मी गिरेसून शहरात लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं. गिऱ्हाईकही तूच शोधून ठेवलंस, आणि मला मदत म्हणून कोरहानला पाठवलंस. हेझलनटही निघतील आणि त्याचं तुर्की बोलणंही सुधारेल, असं तुझं म्हणणं. (त्याचं बोलणं म्हणजे काय सांगू! शब्द सगळे आपले, पण पोलिसांना जबाब दिल्यासारखे एकामागून एक.)

पहिल्या दिवशी पोरगा बागेत आला तो नवे हातमोजे, टोपी घालून आणि नाकाला पांढरं क्रीम लावून. उतार बघून म्हणाला, "मावशी, इथे माणसं उभी कशी राहतात?" मी त्याच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक झाडाला बांधलं आणि सांगितलं, बाळा, इथे उभं राहायचं नसतं, इथे दात नखाला लावून काम करायचं असतं. झालं. तिथेच माझी चूक झाली. पोरगं काम सोडून विचारत बसलं की दात नखाला लावायचे म्हणजे कसे, कुठले दात, आणि हिरडीत ते सुखात असताना त्यांना काढायचं कशाला. मी म्हटलं, जीव ओतून, हातचं काही न राखता काम करणं, त्याला आपण असं म्हणतो. त्याला ते इतकं आवडलं की पेनाने तळहातावर लिहून घेतलं.

त्यानंतर आठवडाभर या घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. मांजर दात नखाला लावून झोपली. मक्याची भाकरी दात नखाला लावून खाल्ली. इमामसाहेबांना भर रस्त्यात सांगितलं की मी काल दात नखाला लावून नमाज पढलो. (ते बिचारे "कबूल होवो" म्हणाले आणि भराभर चालते झाले.) शेवटी चहाच्या दुकानात रुश्तूने त्याला समोर बसवलं. हा रुश्तू म्हणजे तोच, शाळेत तुझ्या वेणीला काटेरी बोंडं चिकटवायचा तो. आता आजोबा झालाय, अक्कल मात्र आहे तेवढीच. तो म्हणाला, "हे बघ पोरा, अंगात जे जे म्हणून टोकदार आहे, ते सगळं कामाला लावायचं. आणि ते बोलून दाखवायचं नसतं. दुसऱ्याने आपल्याबद्दल म्हणायचं असतं."

हे ऐकून तो बोलायचा थांबला, पण करायला लागला, आणि ते जास्त वाईट निघालं. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. कुणी काम करताना दिसलं की आपण "सोपं जावो!" म्हणतो आणि पुढे जातो. पुढे जाणं हाच त्यातला मोठा भाग. तुझा मुलगा पुढे जाईना! त्याचं म्हणणं, तोंडाने सोपं जावो म्हणायचं आणि पाठ फिरवायची, हे काही दात नखाला लावणं नव्हे. मग तो सोपं जावो म्हणे, बाह्या सरसावे आणि ते सोपं करायला लागे. पाव आणायला गेला की दुपारी परते, तोही कुणाच्या तरी छपराचे पत्रे ठोकून, कुणाची तरी गाय उतारावरून ओढून आणून. दुर्दाने आजीची धुराडी झाडायला चढला तेव्हा खाली आला तो कोण आहे हे मला आवाजावरून ओळखावं लागलं. गाव खूश होतं. "साबिहा, काय पोरगा दिलाय गं देवाने तुला!" सगळ्यांना दिला होता, ताई, एक मी सोडून. आपली बाग तशीच उभी होती आणि मी एकटी दोर बांधून एकेक फांदी वाकवत होते.

मग रेडिओवर पाऊस सांगितला. समुद्रावर काळं भरून आलं. मी बागेत वर गेले, लगडलेल्या फांद्या बघितल्या आणि खाली बसून रडले. खोटं कशाला लिहू? तुला फोन करून विक म्हणणारच होते. कोरहान शेजारी येऊन उभा राहिला. तोंड इतकंसं झालेलं. "मावशी, माझ्यामुळे," म्हणाला. मी म्हटलं, हो, तुझ्यामुळेच. (मी काही संत नाही.)

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुत्रं भुंकायला लागलं. बघते तर उतारभर माणसं! पाठीवर टोपल्या, कमरेला दोर. सावड म्हणजे सावड. तू आमच्यात राबलास, आम्ही तुझ्यात राबणार, हे इथे कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांत पुढे दुर्दाने आजी, कंबर वाकलेली, म्हणजे फांद्यांच्या बरोबर उंचीची. मी म्हटलं, आजी, तुम्ही कशाला? तर म्हणाली, "कुणाचं देणं डोक्यावर ठेवून मला मरायचं नाहीये. सरक बाजूला." माझ्या घरातले सगळे चहाचे पेले कमी पडले. दोन दिवसांत बाग निघाली, माल पोत्यात भरला. शेवटचं पोतं आत ओढलं आणि पाऊस पत्र्यावर कोसळला. बोंडांच्या चिकाने कोरहानचे हात काळेकुट्ट झाले होते, नखं तर विचारूच नकोस. रुश्तूने त्याच्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "यानं दात नखाला लावले बरं का." पोरगा लाजून कोपऱ्यात गेला आणि बसल्या बसल्या झोपला.

तर असा तुझा मुलगा. खातो फार, चहात साखर घालत नाही, मला माझ्याच घरात विश्रांती घ्यायला सांगतो. लवकरात लवकर घेऊन जा.

भावोजींना सलाम.

तुझी धाकटी,
साबिहा

ता. क. इतक्यात घेऊन जाऊ नकोस. त्याचा हिवाळी कोट आणि जाड तळाचे बूट पाठव. शेंगदाणे-बिंगदाणे पाठवू नकोस, इथे खायला पुष्कळ आहे.

ता. क. २. गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून सांगितलं. तुझ्या वतीनेही सांगितलं. रागवायचं असेल तर रागव, पण फोनवर नको, मला ऐकू कमी येतं.

ता. क. ३. तक्रारीच लिहिल्या, कारण तो इथे सुखात आहे असं सरळ लिहिलं असतं तर तू रडली असतीस. काल त्याने विचारलं, आई हे सगळं सोडून गेली तेव्हा रडली होती का? मी म्हटलं, छे, तिला बसची घाई होती. खोटं बोलले, ताई. खरं काय झालं ते त्याला तूच येऊन सांग.