वहिनींसाठी जुनाच भाव

सरू,

तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा काचेचा व्हॉल्व्ह तांदळाच्या डब्यात रुमालात गुंडाळून ठेवलाय, भात लावताना जपून हात घाल.

गुलमंडीवर सगळीकडं व्हॉल्व्हचा भाव दुप्पट झालाय अन् माल पण नाय. तुझा तो दुकानदार रत्नाकर मात्र म्हणाला, "वहिनींसाठी जुनाच भाव." वर चहा पाजला. तारा जोडायला तुला कसलं सोल्डर लागतं, ते त्याला तोंडपाठ हाय. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला आज कळलं.

मी नवा भाव मोजून आलो. चहाचे पण दिले.

आईला बघायला देवगावला चाललोय, उद्या येतो. व्हॉल्व्ह बसव, पण मी आल्याबिगर चालू करू नको. पहिलं गाणं मला ऐकायचंय.

सांडू