दोन पेट्यांमधला कागद

३ जानेवारी १९७४

राणीमाशी मेली! माझ्याच हातून का? परवा पेटी उघडताना चौकट आपटली होती. सरांना खरं ते सांगितलं. रागावले नाहीत — "आता ही वसाहत दुसरीत मिसळा. तुमच्या प्रबंधाला हेच तर हवं होतं." दोन पेट्या एकावर एक ठेवल्या, मधे वर्तमानपत्राचा कागद — वास मिसळेपर्यंत भांडू नयेत म्हणून. पोरक्या माश्यांपैकी चाळिसांच्या पाठीवर पांढरा ठिपका दिला. दोनदा मोजल्या.

घरी आक्का — माझ्या वडिलांची, आप्पांची आत्या, शाळेआधी मला पाटीवर अक्षरं गिरवायला त्यांनीच शिकवलं — म्हणाल्या, "माश्यांच्या मागं लागलीस, आता लगीनबी एखाद्या माशीशीच लावून देऊ!"

५ जानेवारी

कागद कुरतडायला लागल्यात. दोन्ही बाजूंनी.

७ जानेवारी

पेटीच्या तोंडाशी कागदाचा भुगा. ठिपक्याच्या पस्तीस माश्या आत, कामाला लागलेल्या. वास एक झाला की कुणी हटकत नाही, असं टिपलं. ठिपका नसता तर मीही ओळखल्या नसत्या.

९ जानेवारी

प्रबंधाचा दुसरा भाग माणसांच्या वस्त्या कशा मिसळतात, यावर. सर म्हणाले, तुमच्या हर्सूलच्या गल्लीपासूनच सुरू करा — संस्थान भारतात आलं त्या १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर कोण गेलं, कोण आलं. आमच्या घरापुढे लिहिलं, 'रिकामं घर, १९४९'. आप्पा नेहमी तसंच सांगतात. तरी खात्री हवी, म्हणून शेजारच्या वच्छलाबाईंना विचारलं.

"रिकामं कसलं, पोरी! घराची मालकीण आतच व्हती की. तीच तर तुमची आक्का."

ज्वारी पाखडता पाखडता म्हणाल्या. अगदी सहज! मग दचकून — "मी बोलले म्हणून सांगू नको हां."

१० जानेवारी

वच्छलाबाईंचं नाव न घेता आप्पांना विचारलं. चष्मा पुसत म्हणाले,

"तिची माणसं गेली, परत आलीच नाहीत. आम्ही राहायला आलो तेव्हा दार तिनंच उघडलं. जाते म्हणाली. तुझ्या आईनं हात धरला — कुठं जाता? मी म्हटलं, कुणी विचारलं तर माझी आत्या म्हणून सांगा."

मग एकदम, "लिहू नकोस. पंचवीस वर्षं तिला कुणी काही विचारलेलं नाही."

चुकीची नोंद कशी ठेवू? आणि बरोबर लिहिली तर —

आक्का माजघरात चालतात. वाटतं, त्यांच्या मागोमाग आणखी कुणीतरी चालतंय. परत न आलेले चार-पाच जण.

१३ जानेवारी

एकच ओळ. रोज लिहिते, रोज खोडते.

१५ जानेवारी

शेवटी आक्कांनाच विचारलं, खरं लिहू का म्हणून. देवासाठी वाती वळत होत्या. हात थांबला नाही.

"तुला खोटं लिवायला शिकवलं व्हतं का मी?"

"पण लोक —"

"लोकांचं मला सांगतीस व्हय!"

१६ जानेवारी

सकाळी प्रबंधाचं पान टेबलावर उघडं. 'रिकामं घर' वर सरळ रेघ. शेजारी उर्दूत काहीतरी लिहिलेलं. "माझं पहिलं नाव हाय," आक्का म्हणाल्या. वाचून दाखवा म्हटलं, तर "तोंडानं नाय सांगायची." मला उर्दू येत नाही. वाचून घ्यायला हे पान आता कुणाला दाखवू?